कबड्डी : आघाडी राखायची की सामना रंगवायचा?

मालवण, कुडाळकडे रात्रीच्या कबड्डीला गर्दी जमली की एक वाद ठरलेला. आपला संघ चार गुणांनी पुढे, शेवटची पाच मिनिटं. आणि चढाईपटू निदान रेषा ओलांडून, तीस सेकंद काढून, कोणालाही न शिवता परत येतो. अर्धे प्रेक्षक टाळ्या वाजवतात. उरलेले ओरडतात, ‘ह्याका भायर काढा!’

हा वेळकाढूपणा नियमात बसतो का? बसतो, पण मर्यादेत. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद. त्या चढाईला हुकमी गडी पाठवायचा की तो राखून दुसऱ्याला पुढे करायचं, इथेच प्रशिक्षक आणि कर्णधाराचा कस लागतो. (शिव्या मात्र बहुतेकदा प्रशिक्षकालाच!)

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम इनामदार. गुणांचा पाऊस पाहायला बसलेल्यांना हा आकडा रुक्षच वाटेल. पण बचावाच्या या लढतीत मध्यंतराआधी पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले होते. शेवटी फरक राहिला तीनचा.

त्यामुळे पुढच्या सामन्यात संघ थंड वाटला, तर आधी रिकाम्या चढाया मोजा. दोन झाल्या असतील, तर ओरडायची वेळ आता आहे.