डोळे आले? आधी चिपडं बघा!

भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमागाच्या गाळ्यात कुणाचा डोळा लाल दिसला की पहिला संशय उडणाऱ्या तुसावर. संशय चुकीचा नाही, पण तुसाने चुरचुरणारा डोळा पाण्याने धुतला की बहुतेक वेळा निवतो. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय, कडा सुजल्यात? मग तुसाला दोष देऊ नका, डोळे आलेत.

आता चिपडं बघा. पाण्यासारखं गळतंय, एका डोळ्यात सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसरा धरला, सोबत सर्दी-घसा आणि कानापुढे दुखरी गाठ, तर काम बहुधा विषाणूचं. त्यावर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग नाही. एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरतं. घट्ट, पिवळा-हिरवा पू पुसला तरी पुन्हा येत असेल तर जिवाणू. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज आणि वर शिंका, तर अ‍ॅलर्जी, आणि ती कुणाला लागत नाही. अर्थात ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, नुसतं बघून डॉक्टरही कधी चकतात.

डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात? साफ खोटं! तसं असतं तर अंजूरफाट्यावर एकदा नजर फिरवली की अर्धी भिवंडी घरी बसली असती. काळा गॉगल उजेड टोचू नये म्हणून रोग्याच्या सोयीचा, शेजाऱ्याचं त्याने काहीच वाचत नाही. खरा प्रवास हातातून, गमछ्यातून आणि उशीतून. दिवसपाळीवाला उठतो, रातपाळीवाला त्याच उशीवर आडवा होतो. विषाणूला आणखी काय हवं?

त्यात डोळे आणणारा अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणू मोठा चिवट, कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण-पाणीच बरं.

साथ झपाट्याने पसरते. 2023 च्या जुलैत आळंदीत काही दिवसांत हजारावर शाळकरी मुलांचे डोळे आले आणि मग साथ राज्यभर गेली. त्याआधी 1969 मध्ये घानात अशीच एक साथ उसळली होती. माणूस नुकताच चंद्रावर उतरलेला, म्हणून लोकांनी तिला थेट ‘अपोलो’चं नाव दिलं. 1971 मध्ये ती मुंबईतही आली. बंगालात तेव्हा तिला ‘जय बांगला’ म्हणत.

डोळा आतून ठणकतोय, उजेड सहनच होत नाही, पापण्या मिटून उघडल्या तरी धूसरच, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय किंवा रोगी तान्हं बाळ आहे, तर मध, गुलाबपाणी नको, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. आणि शेजारच्या काकूंनी दिलेली उरलेली बाटली तर मुळीच नको. तिच्यात स्टेरॉइड असेल तर काही संसर्गांत बुबुळाची जखम चिघळते. शिवाय थेंबांची बाटली उघडून महिना झाला असेल, तर ती तशीही फेकायचीच असते.