गर्दी नको, बर्फ हवा? मग नारकंडाला चला

नोएडातील मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर मुलांची हौस भागत नसेल, तर या हिवाळ्यात त्यांना खऱ्या बर्फावर न्या. पण लगेच गुलमर्ग किंवा सोलंगचे बुकिंग करू नका. नवशिक्याला उंच उतारापेक्षा मोकळा उतार महत्त्वाचा. मागून कोणी येऊन धडकेल ही भीती असेल, तर शिकण्यात लक्ष कसे लागणार?

त्यासाठी हिमाचल प्रदेशातील नारकंडा चांगले. सुमारे २,७०० मीटर उंचीवरचे हे छोटे गाव शिमल्यापुढे साधारण ६० किलोमीटरवर आहे. इथे मोठी केबल कार नाही, झगमगाट नाही, म्हणूनच गर्दीही कमी.

कसे आणि कधी जाल?
दिल्लीहून रेल्वेने कालका गाठा. तिथून १९०३ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी शिमल्याला नेते. पुढचा रस्ता कुफरी, ठियोगवरून जातो. बर्फ पडल्यावर तो बंद होऊ शकतो, म्हणून एक दिवस हाताशी राखून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, शनिवार-रविवार टाळून जा.

आधी थांबायला शिका
स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवली, की वेग कमी होतो. पडणारच असे वाटले, तर कुशीवर पडा. पाणी न शिरणारे हातमोजे आणि गॉगल हवेतच, कारण बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना त्रास देते. प्रशिक्षक आणि साहित्य मिळेल का, याची चौकशी आधीच करा.

बर्फ नसेल तर?
हल्ली प्रत्येक हिवाळ्यात पुरेसा बर्फ पडतोच असे नाही. त्यामुळे मुलांना स्कीइंगचे ठाम वचन देऊ नका. रस्ता मोकळा असेल, तर हाटू शिखरावरचे देऊळ पाहा. जवळच्या कोटगढमध्ये अमेरिकेतून आलेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास सफरचंदाची नवी जात लावली. आज या भागातल्या कित्येक घरांची चूल सफरचंदावर पेटते. झाडांना थंडी लागते आणि वितळणारा बर्फ जमिनीत ओल धरतो, म्हणून बागायतदार त्याला 'पांढरे खत' म्हणतात.

तुमच्यासाठी जी दोन दिवसांची मजा, ते त्यांचे वर्षभराचे पीक. म्हणून बागांत शिरू नका आणि प्लास्टिकचा कचरा सोबत परत आणा.