बिनतारी कंट्रोलर आणि संगणकातला दुभाषी

मार्च २०१८ मध्ये अमेरिकी नौदलात ‘यूएसएस कोलोरॅडो’ ही पाणबुडी दाखल झाली. तिच्यावर जुन्या पेरिस्कोपऐवजी कॅमेऱ्यांचा स्तंभ आहे आणि तो फिरवायला चक्क एक्सबॉक्सचा कंट्रोलर वापरतात. तरुण नौसैनिकांच्या हाताला त्याची सवय आधीच असते, त्यामुळे प्रशिक्षणाचा वेळ वाचतो. पण आपण दाबलेले बटण संगणकाला कळते कसे? हे दुभाष्याचे काम ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम करतो.

कंट्रोलर ‘उडी मार’ असे सांगत नाही. तो सेकंदाला अनेकदा बाइट्सची एक रांग पाठवतो. त्यातला कोणता बाइट कोणत्या स्टिकचा आणि कोणता बिट कोणत्या बटणाचा, हे ड्रायव्हरला ठाऊक असावे लागते.

प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर घ्या. यूएसबी केबल जोडली की त्याचा संदेश ६४ बाइट्सचा असतो, ब्लूटूथवर मात्र ७८ बाइट्सचा. हवेतून येताना संदेश बिघडू शकतो, म्हणून शेवटच्या चार बाइट्समध्ये पडताळणीचा आकडा असतो. हिशेब जुळला नाही, तर ड्रायव्हर तो संदेश टाकून देतो. शिवाय ब्लूटूथवर हा कंट्रोलर सुरुवातीला फक्त बटणे व स्टिक यांचा छोटा संदेश पाठवतो. ठरावीक माहिती मागितल्यावरच पूर्ण संदेश सुरू होतो. हे माहीत नसलेल्या ड्रायव्हरला हालचालीचे सेन्सर दिसतच नाहीत. लिनक्ससाठी सोनी कंपनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१२ या आवृत्तीत आला.

दुसरी अडचण नावांची. एक्सबॉक्सवर ‘ए’ बटण खाली असते, निन्टेन्डोवर उजवीकडे. लिनक्सने यावर नकाशावाचनातला तोडगा काढला: बटणांना उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी नावे दिली. अक्षर कोणतेही छापलेले असो, दिशा बदलत नाही.

तिसरी गोष्ट कॅलिब्रेशनची. दोन रायफली जशा वेगवेगळ्या झीरो कराव्या लागतात, तसाच प्रत्येक स्टिकचा मध्यबिंदू थोडा वेगळा असतो. निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरमध्ये ही मापे आतल्या मेमरीत साठवलेली असतात. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्स ५.१६ सोबत आलेला ड्रायव्हर ती वाचून घेतो.

अशा सुधारणांना नेमक्या तक्रारींची मोठी मदत होते. ‘कंट्रोलर चालत नाही’ एवढ्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. मॉडेल कोणते, केबल की ब्लूटूथ, सिस्टीमची आवृत्ती कोणती, काय दाबले आणि काय दिसले, एवढे लिहिले तर दोष सापडू शकतो. लिनक्सवरचा ‘एव्हटेस्ट’ हा प्रोग्रॅम प्रत्येक बटणाची नोंद पडद्यावर दाखवतो. ती नोंद सोबत जोडावी.

पालकांसाठीही एक सूचना. नवा कंट्रोलर घेण्याआधी जुना केबलने जोडून पाहा. केबल डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालणार नाही. केबलवर सगळी बटणे चालली, तर ती शाबूत आहेत. मग दोष ब्लूटूथमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधायचा. अशा वेळी सिस्टीम अद्ययावत करून पाहावी. कधी कधी तेवढ्यानेच काम होते आणि नव्या कंट्रोलरचा खर्च वाचतो.