धान्याची धूळ आणि श्रमिकांची फुप्फुसे

सुगीच्या दिवसांत खळ्यावर मळणीयंत्र सुरू झाले, की भुसाचा व कुसाचा धुरळा उडू लागतो. पुढे हेच धान्य बाजार समितीच्या आवारात मापाडी व हमाल यांच्या हातून जाते, गोदामात थप्पीला लागते आणि अखेरीस पिठाच्या गिरणीत पोचते. या साऱ्या प्रवासात धूळ त्याची सोबत सोडत नाही. ज्या अन्नाने देह पोसला जातो त्याची धूळ अपाय कशी करील, असा समज अनेकांच्या मनात असतो. परंतु पोटाला मानवणारी वस्तू फुप्फुसाला मानवतेच असे नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात धान्य चाळणारे व मोजणारे, तसेच पीठ दळणारे यांच्या श्वासविकारांचा विचार केला होता. हा विकार नवा नाही. त्याकडे होणारे दुर्लक्षही जुनेच आहे.

धुळीत काय असते?

धान्याची धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तीत कूस, कोंडा व पिष्ठाचे कण असतात. बुरशीचे बीजाणू, जीवाणू व त्यांची विषद्रव्ये असतात. सोंडे, सूक्ष्म कोळीकीटक आणि उंदीर यांचे अवशेषही असतात. मोठे कण नाकात व घशात अडकतात. परंतु मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि सुमारे ५ मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. म्हणून उन्हाच्या तिरिपेत दिसणाऱ्या धुळीपेक्षा डोळ्यांना न दिसणारी धूळ अधिक घातक समजावी.

पिठाची धूळ तर विशेष उपद्रवी आहे. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने गहू, ओट व सातू यांच्या धुळीसाठी हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे ४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली, तर पिठाच्या धुळीसाठी ती केवळ अर्धा मिलिग्रॅम ठेवली. पिठातील प्रथिने, तसेच पाव करताना मिसळली जाणारी बुरशीजन्य विकरे काही व्यक्तींच्या शरीरात वावडे निर्माण करतात, हे त्याचे मुख्य कारण होय.

विकार कसे ओळखावेत?

पहिला विकार म्हणजे जुनाट खोकला व कफ. बिडी ओढणाऱ्यास तो अधिक लवकर जडतो.

दुसरा विकार दम्याचा. तो कामाच्या पहिल्या दिवशी उद्भवत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही जडतो. आरंभी शिंका व नाक गळणे, पुढे छाती दाटणे व घरघर ही त्याची लक्षणे होत. कधी त्रास रात्री घरी गेल्यावर होतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध ध्यानात येत नाही. सुटीच्या दिवशी बरे वाटावे आणि कामावर परतताच त्रास बळावावा, ही त्याची खूण. एकदा वावडे जडले, की थोडीशी धूळही पुरेशी होते.

तिसरा विकार धान्यज्वर. कोंदट कोठार रिकामे करण्यासारख्या कामात पुष्कळ धूळ छातीत गेली, तर काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी व खोकला येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पुष्कळदा तो हिवताप समजला जातो.

चौथा विकार बुरसलेल्या कडब्यामुळे, गवतामुळे किंवा धान्यामुळे होतो. वारंवार संसर्ग झाल्यास फुप्फुसे चिवट होऊन श्वास कायमचा अपुरा पडतो. ही हानी भरून येत नाही.

प्रतिबंधाचे उपाय

धूळ मुळातच कमी करणे हा पहिला उपाय. साठवणीपूर्वी गहू व ज्वारी चांगली वाळवून ओलावा सुमारे १२ टक्क्यांपर्यंत आणावा, म्हणजे बुरशी वाढत नाही. मळणीयंत्राच्या भुशाचे तोंड वाऱ्याच्या दिशेला करावे आणि काम करणाऱ्यांनी वाऱ्याकडे पाठ ठेवावी. खाली बसून रास सावरणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर भुसा येणार नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे.

गिरणीत पीठ पडण्याच्या तोंडाला कापडी नळी बांधावी, फटी बुजवाव्यात व धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवावा. कोरडा झाडू मारू नये व वाऱ्याच्या झोताने यंत्र साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावे अथवा शोषकयंत्र वापरावे. रिकामी पोती आत झटकू नयेत. कोंडलेल्या जागेतील दाट धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेट घेते, म्हणूनही ही दक्षता आवश्यक आहे.

तोंडाला बांधलेले उपरणे किंवा पदर सूक्ष्म कण रोखू शकत नाही. त्यासाठी एन-९५ प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा वापरावा. काम संपताच हातपाय धुऊन कपडे बदलावेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. क्षय नसल्यास आपण कोणत्या धुळीत काम करतो हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजण्याची तपासणी कामास लागताना व पुढे दरवर्षी करणे हितावह होय.

वावडे आरंभीच ओळखून धुळीपासून दूर झालेला कामगार पुष्कळदा बरा होतो. उपजीविकेच्या भीतीने दुखणे लपविणारा मात्र पुढे श्रमशक्तीच गमावून बसतो. यास्तव खळ्याचा मालक, गिरणीवाला व आडत्या यांनी तक्रार करणाऱ्या मजुरास दूर न सारता कमी धुळीचे काम द्यावे. घरोघर अन्न पोचविणाऱ्या हातांचा श्वास मोकळा राहील, एवढी व्यवस्था करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.