वसंत देसाई : सगळ्यांच्या गळ्यातला संगीतकार

हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ आठवायला बसलं की नावं ठरलेली असतात. नौशाद, सचिनदेव, शंकर-जयकिशन, मदनमोहन, आपले सी. रामचंद्र. वसंत देसाईंचं नाव कुणीतरी मागाहून घेतं आणि मग सगळेच मान डोलावतात. याला कारणं आहेत. ऐन भराची वर्षं ते व्ही. शांताराम यांच्या ‘राजकमल’मध्ये रमले. नायक-नायिकेच्या युगुलगीतांवर त्यांचा बाजार उभा नव्हता. शिवाय त्यांच्या दोन प्रार्थना शाळाशाळांतून इतक्या गायल्या गेल्या की त्यांनाही कुणी संगीतकार असेल हे लोकांच्या ध्यानातूनच गेलं. पण साध्या माणसाला सहज गाता यावी अशी चाल आणि उस्तादालाच पेलावी अशी चाल, या दोन्ही सारख्याच अधिकारानं बांधणारा दुसरा संगीतकार मला आपल्या चित्रपटसृष्टीत दिसत नाही.

जन्म ९ जून १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. त्या मुलखात दशावतार आणि भजन यांवरच कान तयार होतो. पोरवयातच ते कोल्हापूरला ‘प्रभात फिल्म कंपनी’त दाखल झाले. तिथे पडेल ते काम करायचं, मूकपटात तोंडाला रंग लावायचा, बोलपट आल्यावर गायचं. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली आणि गाणंही म्हटलं. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशी माणसं ‘प्रभात’च्या संगीत विभागात एकामागून एक आली आणि वसंतरावांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. टेंब्यांची हार्मोनियम आणि बैठकीची अदब, भोळ्यांचा भावगीताचा हळवा कान, कृष्णरावांची चपळ तानबाजी, एवढं एका छपराखाली मिळणं ही चैनच होती. पुढे त्यांच्या चालींत हे तिन्ही रंग वेगवेगळे ओळखू येतात.

शांतारामबापूंनी १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडली आणि परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभारलं, तेव्हा वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. ‘राजकमल’चा पहिलाच चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३) गाजला. पाठोपाठ ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) आला.

खरी उडी मात्र ‘लोकशाहीर राम जोशी’त (१९४७) आहे. गदिमांचे शब्द, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामं आणि फडावरची ढोलकी. सभ्य घरांतून तोवर लावणी चोरूनच ऐकली जायची. वसंतरावांनी तिला कौटुंबिक प्रेक्षागृहात आणली, तीही तिचा ठसका न काढता. पुढच्या सगळ्या तमाशापटांची वाट इथून फुटते. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांना वसंतरावांएवढा तोल सांभाळता आला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

‘अमर भूपाळी’ (१९५१) हा त्याच वाटेचा कळस. होनाजी बाळाच्या आयुष्यावरचा हा चित्रपट कान महोत्सवापर्यंत गेला. त्यातली भूपाळी लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांनी गायली आहे. भूप म्हणजे पाच स्वरांचा राग. त्यात लपायला जागा नसते, एक स्वर वावगा लागला तरी उघडा पडतो. तिथे वसंतरावांनी करामत टाळली. त्यामुळे ती भूपाळी पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आल्यासारखी वाटते. दोन वर्षांनी आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्याचंही संगीत वसंतरावांचंच.

‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) त्यांनी दुसरं टोक गाठलं. शीर्षकगीतासाठी थेट उस्ताद अमीर खाँ, राग अडाणा. विलंबित ख्यालाच्या या बादशहाला काही मिनिटांच्या गाण्यात बसवायचं म्हणजे धाडस होतं. खाँसाहेबांच्या गायकीतलं वजन त्यात कुठेही कमी झालेलं नाही. चित्रपटाचा रंगीबेरंगी थाट आज डोळ्यांवर येतो, पार्श्वसंगीतही काही ठिकाणी दणदणीत झालं आहे. पण ते शीर्षकगीत अजून ताठ उभं आहे. चार वर्षांनी विजय भट्टांच्या ‘गूंज उठी शहनाई’त उस्ताद बिस्मिल्ला खाँची सनई जवळजवळ नायकच होऊन बसली. शास्त्रीय कलावंत चित्रपटाच्या वाऱ्याला उभे राहत नसत त्या दिवसांत हे लोक वसंतरावांकडे येत, कारण हा माणूस आपल्याला बिघडवणार नाही हा भरवसा त्यांना होता.

आता प्रार्थना. ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) ही औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून गदिमांनी लिहिलेली कथा. भरत व्यासांच्या प्रार्थनेला चाल लावताना वसंतरावांपुढे कैदी होते, गवई नव्हे. म्हणून चाल फार वर चढत नाही, ओळ एका श्वासात मावते आणि मधे कुठे अवघड वळण येत नाही. ‘गुड्डी’त (१९७१) गुलजारांच्या प्रार्थनेला त्यांनी केदार दिला. केदार हा तसा वाकडा चालणारा राग, पण शाळकरी मुलं तो बिनदिक्कत म्हणतात. त्याच चित्रपटात त्यांनी वाणी जयराम या नव्या गायिकेकडून मियाँ की मल्हार गाऊन घेतला आणि ती एका चित्रपटात देशभर पोचली. मोठ्या समूहाकडून गाऊन घेणं हा वसंतरावांचा ध्यासच होता. शेकडो मुलांना उभं करून ते स्वतः हातवाऱ्यांनी समूहगान चालवत. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी १९६६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघात जी संस्कृत मैत्रीप्रार्थना गायली, तिची चालही या कोकणी माणसाची.

शांतारामबापूंशी मधल्या काळात अंतर पडलं. ‘नवरंग’ला सी. रामचंद्र आले. वसंतराव मराठी रंगभूमीकडे वळले आणि हे आपल्या पथ्यावर पडलं. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांनी संगीत नाटकात पुन्हा धुगधुगी आणली. ‘देव दीनाघरी धावला’साठी कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांना त्यांनी एकत्र गायला लावलं. हा योग दुसऱ्या कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही. दरम्यान ‘आशीर्वाद’मध्ये (१९६८) अशोककुमारांकडून त्यांनी आगगाडीच्या तालावर जवळजवळ बोलल्यासारखं गाणं म्हणवून घेतलं. मुलांना ते आजही तोंडपाठ असतं.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय ६३. हात थकलेला नव्हता. ‘गुड्डी’ला जेमतेम चार वर्षं झाली होती.

ज्यांना वसंतराव केवळ प्रार्थनेपुरते ठाऊक आहेत त्यांनी ‘अमर भूपाळी’पासून सुरुवात करावी. मग ‘गूंज उठी शहनाई’ ऐकावा. शेवटी गुलजारांचा ‘अचानक’ (१९७३) पाहावा. त्यात एकही गाणं नाही, पार्श्वसंगीत मात्र वसंत देसाईंचं आहे.