पायापासून चाकापर्यंत

ड्रॅग शर्यतीत हिरवा दिवा लागताक्षणी सर्व प्रेक्षकांच्या नजरा प्रारंभरेषेवर खिळतात. मी मात्र गेली वीस वर्षे, ओहायोतील नॉरवॉकला भाच्याकडे जाणे झाले की, पट्टीच्या दूरच्या टोकाच्या कुंपणापाशी, जिथे अंतिम रेषा ओलांडलेली गाडी पुन्हा माणसाच्या हुकमतीत येते, तिथे जाऊन उभा राहतो. कारण या खेळातील खरी विद्या तिथेच प्रकट होते, असे माझे दृढ मत आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून रस्त्यांवरच्या बेकायदा झुंजींना कायदेकानूंची चौकट दिली. पाव मैलाचे, म्हणजे १३२० फुटांचे अंतर रूढ झाले. २००८ साली स्कॉट कॅलिटा यांच्या अपघाती मृत्यूनंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी ते १००० फुटांवर आले. ताशी १५० मैल गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट सक्तीचे असते.

भाच्याची १९६९ची शेव्हरले नोव्हा या इयत्तेतली नव्हे. तिची सारी भिस्त ब्रेकवर, आणि तिच्या चारही चाकांना मूळचे ड्रम होते. नवे इंजिन बसताच अंतिम रेषेवरचा तिचा वेग ताशी १०० मैलांवरून १२० वर गेला. वेग पंचमांशाने वाढला, परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ब्रेकांनी जिरवावयाची उष्णता ४४ टक्क्यांनी वाढली. म्हणून त्याने पुढच्या चाकांना उत्तम डिस्क बसविल्या, आणि गाडी पूर्वीपेक्षाही उशिरा थांबू लागली!

"मामा, पेडल अगदी दगडासारखं झालंय," असे तो म्हणाला, तेव्हा एका वृद्ध मिस्त्रीला पाचारण करण्यात आले. त्याने चाकांकडे पाहिलेही नाही; टेप घेऊन तो थेट पेडलखाली शिरला. ड्रमचे वैशिष्ट्य असे, की त्याचे फिरणेच ब्रेकच्या शूला ओढून घट्ट करते आणि पायाला आयते साहाय्य मिळते. डिस्कपाशी ही देणगी नसते. रस्त्यावरच्या मोटारीत ही उणीव इंजिनातील निर्वातावर चालणारा बूस्टर भरून काढतो. परंतु शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळे तो निर्वातच क्षीण होतो. तेव्हा उरते ती केवळ तरफेची आणि तेलाची शक्ती. मिस्त्रीने पेडलचे गुणोत्तर चारास एक होते ते सहास एक केले आणि मास्टर सिलिंडर आठ सुतांऐवजी सात सुतांचा घातला. केवळ या एका सुताने तेलाचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. मात्र तेवढ्याच प्रमाणात पायाचा प्रवासही वाढतो, म्हणून नळ्यांतील हवा पूर्णपणे काढल्यावाचून हा व्यवहार लाभदायक ठरत नाही. जुन्या सिलिंडरात ड्रमसाठी दर चौरस इंचास सुमारे १० पौंड दाब धरून ठेवणारी झडप होती. तिच्यामुळे पॅड डिस्कला सतत घासत राहून इंजिनाची शक्ती फुकट खर्ची पडत होती. तीही गेली.

शिवाय ब्रेकचा अंमल प्रारंभरेषेवरही चालतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही: मागचे टायर जागीच फिरवून तापवताना 'लाइन लॉक' पुढच्या चाकांतला दाब कोंडून गाडी खिळवतो, तर पायब्रेकवर गाडी रोखून सुटणाऱ्या शर्यतपटूची मदार मागच्या ब्रेकांवर असते. उलट थांबताना भार पुढे झुकतो आणि पुढचे टायर असतात अरुंद. ते घसरले की सुकाणूच हातचे जाते. म्हणून पुढचा-मागचा वाटा चाचणी घेत, थोडाथोडा बदलूनच ठरवावा लागतो.

लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. आपल्याकडचे तरुण मला टर्बोविषयी विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी त्यांच्या पेडलचे गुणोत्तर विचारतो. कारण ब्रेकची सुधारणा म्हणजे एखादा मोठा भाग विकत आणणे नव्हे, पायापासून चाकापर्यंतचे सारे प्रमाण नव्याने बांधणे होय.

त्या सायंकाळी नोव्हा अंतिम रेषा ओलांडून आली, जराही न डगमगता संथ झाली आणि परतीच्या पहिल्याच वळणाला सहज वळली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्या मिस्त्रीने तेवढे पाहिले आणि टेप गुंडाळून खिशात टाकली.