वेठीला नकार

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर, जेथून वज्रेश्वरीची वाट फुटते, त्या अंबाडीच्या परिसरातील भातखाचरांत राबणारी वारली, कातकरी आणि ठाकूर कुटुंबे ज्या दास्यातून आली, त्याचा इतिहास ठाणे जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात शोधावा, त्याहून अधिक तो गोदावरी परुळेकरांच्या चरित्रात शोधावा, असे माझे मत आहे.

पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात १९०७ साली जन्मलेल्या, कायद्याची पदवी मिळवलेल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झालेल्या या विदुषीने, १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह झाल्यानंतर, किसान सभेचे कार्य अंगीकारले. कल्याणच्या शेजारी टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये प्रांतिक किसान परिषद भरली, आणि उंबरगाव तालुक्यातून तेथे आलेल्या मूठभर वारल्यांनी आपली करुण कहाणी मांडली. जमीनदाराच्या शेतावर बिनमजुरीने वेठ करावी, सावकाराकडून लग्नापुरते कर्ज घेतल्यापायी नवराबायकोने जन्मभर ‘लग्नगडी’ म्हणून खितपत पडावे, आणि हू की चू केल्यास मार खावा, हा तिकडचा रिवाज होता.

पाड्यापाड्यांतून पायी हिंडून आणि कुडाच्या झोपड्यांत मुक्काम करून गोदावरीबाईंनी, म्हणजेच गोदूताईंनी, जी जागृती घडविली, तिचे फळ २३ मे १९४५ रोजी झरी गावी दिसले. तेथे जमलेल्या हजारो वारल्यांनी ठराव केला की, वेठ करावयाची नाही, रोजी बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकावयाचे नाही, आणि मारहाण झाल्यास एकजुटीने प्रतिकार करावयाचा. पुढील मजुरीच्या लढ्यांपेक्षा मला हा नकारच थोर वाटतो. कारण पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून जगलेल्या माणसाला दर मागण्यापूर्वी ‘नाही’ म्हणण्याचे बळ यावे लागते. लग्नगडी मुक्त होऊ लागले.

त्याच वर्षी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मागून वारल्यांनी संप केला. १० ऑक्टोबरला गोदूताई तलवाड्यास येणार अशी हूल उठवून जमविलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरीही संप मोडला नाही. या सर्व अनुभवांवर गोदूताईंनी लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द ठरली. तथापि ती हटविण्यासाठी याच मुलखात १९८२ साली विवेक व विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना स्थापावी लागली. दिवाळी सरताच भिवंडी-वाड्याकडील वीटभट्ट्या पेटतील, आणि आगाऊ उचल घेतलेली कातकरी कुटुंबे पोराबाळांसह तेथे जातील. घर बांधण्यासाठी विटा घेणाऱ्या वाचकांनी, विटेच्या दराबरोबर, ती पाडणाऱ्याची उचल फिटली किंवा नाही हेही भट्टीवाल्यास अवश्य विचारावे.